मूळ वाद्य आणि त्याची पुनर्निर्मिती : फेंडर बास गिटारच्या स्पर्शाचा व नादाचा इतिहास

प्रास्ताविक

विजेच्या साहाय्याने वाजणारी बास गिटार हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे पायाभूत वाद्य होय. चार जाड तारांचे हे वाद्य गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. सामान्य श्रोत्याचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते; मात्र ते मध्येच थांबले, तर गाण्याचा तळ निसटल्याची जाणीव त्याच श्रोत्याला लगेच होते. या वाद्याच्या वादकांमध्ये आणि संग्राहकांमध्ये गेली चार दशके एक वाद चालू आहे. १९५० व १९६० च्या दशकांत घडलेली मूळ वाद्ये, ज्यांना 'व्हिंटेज' म्हटले जाते, ती हाताला आणि कानाला खरोखरच श्रेष्ठ आहेत काय? की त्याच मापांनी व त्याच आराखड्यांनी नंतर घडविलेली 'रीइश्यू', म्हणजे पुनर्निर्मित वाद्ये, त्यांच्या तोडीची आहेत?

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाच्या एका जुन्या अडचणीशी जोडलेला आहे. 'मूळ' हा शब्द वापरताना वस्तूच्या आयुष्यातील नेमका कोणता क्षण अभिप्रेत असतो, हे प्रथम ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'प्रिसिजन बास' आणि 'जाझ बास' या दोन वाद्यांपुरता या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. पुनर्निर्मितीची चळवळ सर्वाधिक पद्धतशीरपणे याच दोन वाद्यांच्या संदर्भात घडली, हे या मर्यादेचे कारण होय.

फुलर्टन येथील वाद्य

बास गिटारचा शोध एकट्या लिओ फेंडर यांनी लावला, असे म्हणता येत नाही. सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने पडदे असलेली विद्युत बास गिटार बाजारात आणली होती. तथापि तिचा प्रसार झाला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' आणली आणि तेव्हापासून या वाद्याचा अखंड इतिहास सुरू होतो. स्वतः फेंडर गिटारवादक नव्हते. वादकांच्या तक्रारी ऐकून त्यांवर यांत्रिक उत्तर शोधणारा हा माणूस होता. उभ्या डबल बासची तक्रार सर्वांच्या परिचयाची होती : वाद्य अवाढव्य, वाहून नेण्यास अवघड आणि वाद्यवृंदात ऐकू न येणारे. फेंडर यांनी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर लांबीच्या तारा भरीव लाकडाच्या अंगावर ताणल्या, सतारीप्रमाणे दांडीवर धातूचे पडदे बसविले आणि तारांखाली चुंबकीय पिकअप ठेवला. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील मंक माँटगोमेरी यांच्यासारख्या वादकांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच ते स्वीकारले.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घेणे आवश्यक आहे. हे वाद्य एका रूपात स्थिर राहिलेच नाही. १९५४ मध्ये अंगाच्या कडा शरीराला टोचू नयेत म्हणून उतरत्या करण्यात आल्या. १९५७ मध्ये एकसंध पिकअपऐवजी दोन तुकड्यांचा पिकअप आला. त्यामुळे विजेची गुणगुण कमी झाली आणि नादही भरदार झाला. १९५९ मध्ये मेपलच्या दांडीवर शिसवी जातीच्या लाकडाचा फिंगरबोर्ड चढविण्यात आला. १९६० मध्ये 'जाझ बास' अवतरली. तिच्या दांडीची खुंट्यांकडील रुंदी दीड इंच होती. प्रिसिजनची मात्र सामान्यतः पावणेदोन इंच असे. पाव इंचाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, परंतु डाव्या हाताच्या पंजाला ही दोन वाद्ये सर्वस्वी भिन्न वाटतात.

१९६२ हे एकच वर्ष विचारात घेतले, तरी त्यात एकजिनसीपणा आढळत नाही. त्या वर्षाच्या पूर्वार्धात फिंगरबोर्डची पट्टी जाड व खालून सपाट असे. उत्तरार्धात ती दांडीच्या गोलाईला चिकटणारी पातळ पट्टी झाली. जाझ बासवरील एकात एक बसविलेल्या दुहेरी बटणांची जागा त्याच सुमारास तीन सुट्या बटणांनी घेतली. शिवाय दांडीची अखेरची गोलाई कारागीर हाताने घासून देत असल्यामुळे एकाच आठवड्यात तयार झालेल्या दोन दांड्याही तंतोतंत सारख्या नसत. तेव्हा '१९६२ ची बास' हा शब्दप्रयोग एखाद्या ग्रंथाच्या सर्व हस्तलिखितांना एकच प्रत मानण्यासारखा आहे.

मालकी बदलली तेव्हा

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन फेंडरची खरेदी केली. 'सीबीएसपूर्व' हा काळविभाग तेव्हापासून रूढ झाला आणि जुन्या वाद्यांच्या बाजारात त्याला एखाद्या शककर्त्या घटनेचे महत्त्व आले. या विभागणीत तथ्य आहे. उत्पादन वाढविण्याच्या ओघात कामातील सफाई उणावली, १९६८ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज लॅकरऐवजी पॉलिएस्टरचे जाड थर देण्यात येऊ लागले आणि १९७० च्या दशकातील अनेक वाद्ये जड झाली.

तथापि अधःपतनाची ही कथा सरळ रेषेत सांगता येत नाही. जाझ बासवरील घोडीजवळचा पिकअप १९७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे एक सेंटिमीटर घोडीकडे सरकविण्यात आला. घोडीच्या जवळ तारेच्या कंपनातील उच्च स्वरांशांचे प्रमाण अधिक असते. साहजिकच नाद अधिक धारदार झाला. गेडी ली यांची १९७२ ची आणि मार्कस मिलर यांची १९७७ ची जाझ बास या तथाकथित ऱ्हासकाळातीलच आहेत आणि पुढे फेंडरनेच या दोन्ही वादकांच्या नावाने प्रतिकृती विकल्या. ज्या वाद्यांना एका पिढीने नाके मुरडली, त्यांचाच नाद पुढच्या पिढीला आदर्श वाटला. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. सीबीएसच्याच काळात, १९६८ मध्ये, 'टेलिकास्टर बास' या नावाने १९५१ चा जुना आराखडा पुन्हा बाजारात आला. पुनर्निर्मितीचे बीज असे तथाकथित ऱ्हासकाळातच पडलेले दिसते.

१९८२ : स्वतःच्याच वस्तूंची मोजमापे

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्या फेंडरच्या जुन्या वाद्यांच्या उत्तम नकला करू लागल्या होत्या. नवीन फेंडरपेक्षा टोकाई किंवा ग्रेको या कंपन्यांची नक्कल जुन्या फेंडरशी अधिक इमान राखते, असे वादक उघडपणे म्हणू लागले. हा केवळ व्यापारी आघात नव्हता. आपल्या वारशावरील आपला हक्क दुसऱ्याकडे जात असल्याची ती सूचना होती. १९८१ मध्ये यामाहाच्या अमेरिकन शाखेतून बिल शुल्ट्झ, डॅन स्मिथ आदी व्यवस्थापक फेंडरमध्ये आणण्यात आले, ते या पार्श्वभूमीवर.

जुनी वाद्ये पुन्हा घडवायची तर त्यांचा अभ्यास करणे भाग होते. त्यासाठी डॅन स्मिथ आणि जॉन पेज इलिनॉय राज्यातील जुन्या गिटारींच्या एका दुकानात गेले. त्यांनी वाद्यांची मापे घेतली, छायाचित्रे काढली, रंगांची तपासणी केली आणि काही वाद्ये विकतही घेतली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या वस्तू कारखान्याला बाजारभावाने परत घ्याव्या लागल्या. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे थबकून पाहण्याजोगे आहे. येथे संस्थेची स्मृती तिच्या दप्तरापेक्षा गिऱ्हाइकांच्या घरांत आणि जुन्या मालाच्या दुकानांत अधिक चांगली टिकली होती.

१९८२ च्या या मालिकेत १९५७ व १९६२ ची प्रिसिजन आणि १९६२ ची जाझ बास यांचा समावेश होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कांडा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी व्यापारी संस्थांच्या सहभागाने 'फेंडर जपान'ची स्थापना झाली आणि फुजिगेन गाक्की या कारखान्यात प्रतिकृती घडू लागल्या. नकलाकारांशी स्पर्धा करण्याचा हा मार्ग मोठा चाणाक्ष होता. १९८५ मध्ये शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने सीबीएसकडून कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतली. या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना नव्हता. नवा कारखाना कोरोना येथे उभा राहिला. परिणामी १९८२ पासून फुलर्टन बंद होईपर्यंत तेथे घडलेल्या थोड्या पुनर्निर्मित वाद्यांना आता 'फुलर्टन रीइश्यू' असे स्वतंत्र नाव असून संग्राहक त्यांना शोधत असतात. प्रतिकृतीच आता व्हिंटेज झाली आहे.

स्पर्शाचा प्रश्न

जुने वाद्य हाती घेतल्यावर वादकाला जाणवणारा फरक बहुधा प्रथम त्वचेला जाणवतो आणि नंतर कानाला. नायट्रोसेल्युलोज लॅकर काळानुसार पिवळसर होतो, त्याला बारीक तडे जातात आणि दांडीच्या पाठीवरून तो हळूहळू झिजून जातो. चाळीस-पन्नास वर्षे अंगठा घासलेल्या ठिकाणी उघडे लाकूड हाताला लागते. फिंगरबोर्डच्या कडा गुळगुळीत होतात. पडदे मधोमध झिजून सपाट होतात. यातील एकही गुण ते वाद्य १९६२ मध्ये दुकानात टांगलेले होते, त्या दिवशी त्यात नव्हता. त्या दिवशी ते चकचकीत, काहीसे चिकट आणि तीक्ष्ण कडांचे होते. म्हणजे बरेचसे आजच्या नव्या पुनर्निर्मित वाद्यासारखे.

या वादातील खरी मेख येथेच आहे. पुनर्निर्मिती होते ती वाद्याच्या जन्मदिवसाची आणि तुलना केली जाते ती त्याच्या वार्धक्याशी. पुनर्निर्मित बास हाताला 'नवखी' वाटते, ही तक्रार खरी आहे. परंतु ती प्रतिकृतीच्या अचूकतेविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही. उलट ती अचूकतेचाच पुरावा ठरते. कारखान्याने ही तक्रार ओळखली आणि १९९५ मध्ये 'रेलिक' मालिका आणली. तीत नवीन वाद्याचा रंग मुद्दाम खरवडला जातो, धातूचे भाग गंजविले जातात, कडा घासल्या जातात. अनेकांनी या प्रकाराची थट्टा केली आहे आणि विनावापर झीज विकत घेण्यात हास्यास्पद असे काही आहेच. तरीही कडा घासलेला फिंगरबोर्ड हाताला अधिक सुखावह वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. रंगावरील कृत्रिम ओरखडे मात्र केवळ डोळ्यांसाठी असतात.

पुनर्निर्मितीचे इमान कधीकधी गैरसोयीपर्यंत पोहोचते. जुन्या बासमध्ये दांडीचा बाक दुरुस्त करणाऱ्या सळईचा स्क्रू दांडीच्या अंगाकडील टोकाला असे. तो फिरविण्यासाठी दांडी सैल करून उचलावी लागे. नंतरच्या आधुनिक वाद्यांत ही अडचण दूर झाली, परंतु जुन्या मापांना चिकटून राहणाऱ्या पुनर्निर्मित वाद्यांत ती निष्ठेने जपण्यात आली. फेंडर बासच्या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास स्वर लवकर विझतो, ही वादकांची जुनी ओळखीची व्यथा. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट फ्लायशर यांच्या अभ्यासातून अशा 'मृत जागां'चे कारण दांडीच्या कंपनात असल्याचे दिसून आले : दांडी तारेची ऊर्जा शोषून घेते. दांडी तशीच घडविली, तर दोषही तसाच उतरतो. मूळ आणि प्रतिकृती यांचे साम्य येथे सर्वाधिक आहे, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

नाद : तार, हात आणि फोमचा तुकडा

नादाविषयीच्या चर्चेत जुने लाकूड आणि जुने पिकअप यांना फार मोठे श्रेय दिले जाते. यांतील पिकअपचा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. तारेचे वेढे, तारेवरील इन्सुलेशन आणि चुंबकाची शक्ती यांत जुन्या काळी बरीच तफावत असे आणि तिचा परिणाम नादावर होतो. तथापि या वाद्यात श्रोत्यापर्यंत पोहोचतो तो पोलादी तारेच्या हालचालीतून पिकअपमध्ये निर्माण झालेला विद्युतप्रवाह. लाकडाचा परिणाम त्यावर अप्रत्यक्षपणे होतो. म्हणूनच तारेचा विचार प्रथम करावा लागतो. तंबोऱ्याचे उदाहरण मराठी वाचकास जवळचे वाटेल. तंबोरा कितीही जुना व नामांकित कारागिराचा असो, जवारी उतरली की तो बोलत नाही, आणि जवारी नीट लागली की साधा तंबोराही खुलतो.

१९५० च्या दशकात आणि १९६० च्या पूर्वार्धात बास गिटारवर सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारा लावल्या जात. त्यांचा नाद घुमारेदार, पण लवकर मावळणारा असे. १९६६ मध्ये जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने रोटोसाउंड या ब्रिटिश कंपनीने गोल तारेने गुंडाळलेल्या बासच्या तारा विकसित केल्या आणि त्यांच्या पियानोसदृश झणझणीत नादाने या वाद्याचे रूपच पालटले. १९६२ च्या प्रतिकृतीवर अशा तारा लावून ती '१९६२ सारखी वाजत नाही' असे म्हणणे न्यायाचे नाही. जुन्या वाद्यावर घोडीच्या धातूच्या झाकणाखाली तारा दाबून धरणारा फोमचा तुकडा असे. बहुतेक वादकांनी ही झाकणे काढून फेकली आणि त्यांच्याबरोबर त्या काळाच्या नादाचा एक भागही गेला.

या संदर्भात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण निर्णायक ठरते. १९६० च्या दशकातील मोटाउनच्या असंख्य गाण्यांचा तळ त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर उभा आहे. 'जुन्या प्रिसिजनचा नाद' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुधा हाच नाद मनात असतो. तो कसा निर्माण होत असे? जाड, सपाट पट्टीच्या ला बेला तारा, आणि त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या. झाकणाखालील फोम जागच्या जागी. उजव्या हाताची केवळ तर्जनी. आणि वाद्य ध्वनिक्षेपकाऐवजी थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेला जोडलेले. यांतील कोणतीही गोष्ट कारखान्याच्या आराखड्यात लिहिलेली नव्हती. त्यातील बराचसा नाद एका माणसाच्या सवयींचा होता. त्या माणसाचे नाव मात्र कंपनीच्या तबकड्यांवर कित्येक वर्षे छापले गेले नाही. १९७१ च्या मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर ते प्रथम आले. वाद्याच्या वर्षाला जे मोल आले, ते वादकाच्या नावाला येण्यास अधिक काळ लागला, ही या इतिहासातील खटकणारी बाब आहे.

जेमर्सन यांचे निधन २ ऑगस्ट १९८३ रोजी झाले. त्याच्या काही दिवस आधी त्यांची ती १९६२ ची प्रिसिजन चोरीस गेली. त्यांना ती परत मिळाली नाही. १९६२ च्या प्रिसिजनची अधिकृत प्रतिकृती बाजारात येण्याचा काळही हाच होता. ती प्रतिकृती अर्थातच अन्य वाद्यांच्या मापांवर आधारलेली होती.

जॅको पास्टोरियस यांच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. १९६२ ची मानली जाणारी त्यांची जाझ बास कारखान्याच्या रूपात उरलीच नव्हती. तिचे पडदे काढलेले होते, खाचा बुजवलेल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा कठीण थर दिलेला होता. तिचा सुप्रसिद्ध गाता नाद या फेरफारांतून आला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चोरीस गेली. पुढच्याच वर्षी पास्टोरियस यांचा मृत्यू झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने त्यांच्या नावाची, झिजलेल्या रूपातील प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हा मूळ वाद्य बेपत्ताच होते. ते न्यूयॉर्कमध्ये सापडले त्यानंतर अनेक वर्षांनी.

अंध चाचणी आणि लाकूड

जुन्या वाद्याचे श्रेष्ठत्व कानाने ओळखता येते काय, याची काटेकोर चाचणी व्हायोलिनच्या क्षेत्रात झाली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना तीन नवी व तीन जुनी व्हायोलिने, ज्यांत स्ट्रॅडिव्हारी यांची दोन होती, दिसू नयेत अशा व्यवस्थेत वाजविण्यास दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुतेकांना जुने-नवे खात्रीने ओळखता आले नाही आणि सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली. व्हायोलिनमध्ये लाकूड हेच ध्वनी बाहेर टाकते. तेथेही हे घडत असेल, तर ज्यात लाकडाचा वाटा अप्रत्यक्ष आहे अशा विद्युत वाद्यात 'जुन्या लाकडाचा नाद' हा युक्तिवाद जपूनच वापरावा लागेल. अर्थात व्हायोलिनचा निष्कर्ष बास गिटारला जसाच्या तसा लावणेही योग्य होणार नाही. येथे बोटांना जाणवणारी दांडीची गोलाई वादकाच्या वाजवण्यावर परिणाम करते आणि ते वाजवणे नादात उतरते.

लाकडाच्या बाबतीत पुनर्निर्मिती पूर्ण इमान राखू शकत नाही, याचे कारण मात्र ध्वनिशास्त्रात नाही. जुन्या फेंडरच्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोझवूड वापरले जाई. बेसुमार तोडीमुळे ते दुर्मीळ झाले आणि १९९२ मध्ये साइट्स करारान्वये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा बव्हंशी भारतीय रोझवूडने घेतली. हेच आपल्याकडील शिसवी. जुन्या वाड्यांतील देवघरे आणि पलंग ज्या लाकडाचे असत, त्याच जातीचे लाकूड कॅलिफोर्नियात घडणाऱ्या बास गिटारच्या फिंगरबोर्डवर गेले. २०१७ मध्ये या जातीच्या व्यापारावरही साइट्सचे नियंत्रण आले; तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. अॅश लाकडाचेही असेच झाले. किडीच्या प्रादुर्भावामुळे त्याचा वापर मर्यादित करीत असल्याचे फेंडरने २०२० मध्ये जाहीर केले.

२०२२ मध्ये फेंडरने 'अमेरिकन व्हिंटेज २' ही नवी मालिका आणली. तीत १९५४ व १९६० ची प्रिसिजन आणि १९६६ ची जाझ बास आहे. यांतील १९६६ हे वर्ष सीबीएसच्या खरेदीनंतरचे आहे. १९८२ मध्ये पुनर्निर्मितीसाठी निवडलेल्या तिन्ही बास गिटारी त्या खरेदीपूर्वीच्या होत्या.